माशांना चालेल तेच

निफाड तालुक्यातल्या द्राक्षवाल्या घरात औषधांची खोली वेगळी असते, तशी आमच्याकडेही आहे. मोरचूद, गंधक, बुरशीनाशकांचे पुडे, कीटकनाशकांच्या बाटल्या. पानावर काही दिसलं की त्या खोलीचं कुलूप काढायचं, ही इथली रीत. घरामागे मी ॲक्वापोनिक्स सुरू केलं आणि माझ्या वाफ्यांपुरती ती खोली बंद झाली. माशांच्या टाकीतलं पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात चढतं. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं खडीवर वाढलेले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेट भाजी घेते आणि पाणी फिरून टाकीत पडतं. म्हणजे पानावर मारलेला थेंब आज ना उद्या माशाच्या कल्ल्यांतून जाणारच.

टाकीत सायप्रिनस आहेत आणि थोडे रोहू. या पद्धतीत जगभर तिलापिया पाळतात, पण निफाडची थंडी त्याला मानवत नाही. पाणी दहा-बारा अंशांपर्यंत उतरलं की तो मरायला लागतो, आणि आमच्याकडे जानेवारीतल्या काही पहाटे त्याहून गार असतात.

आधी त्रास दिला तो शेवाळाने. चैत्रात ऊन तापलं आणि टाकीचा तळ दिसेनासा झाला. धाकटे भाऊजी बागेचं सगळं पाहतात. टाकीत डोकावून ते म्हणाले, "वहिनी, चिमूटभर मोरचूद सोडा. दोन दिवसांत पाणी निवळतं बघा." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, तांब्याने शेवाळ मरतं. पण तेच तांबं माशांच्या कल्ल्यांना आणि खडीवरच्या जिवाणूंना सोडत नाही. शिवाय एवढं शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. "मासे मरतील, भाऊजी," एवढंच मी म्हटलं, आणि सामू मोजायला बसले.

सकाळी सामू ७.२ यायचा आणि संध्याकाळी ८.५ च्या वर जायचा. दिवसभर उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरतं, म्हणून सामू चढतो. सामू चढला की अमोनियाचा माशांना घातक असणारा भाग वाढतो. पालकालाही लोह मिळेनासं होतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे मी डोळ्यांनी पाहत होते. रात्री उलटा प्रकार. उजेड नसला की शेवाळही श्वासच घेतं, आणि पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू अगदी कमी होतो. तांबडं फुटायच्या आधी बॅटरी घेऊन गेलं की मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडून उभे दिसायचे. एरवी माझी चाहूल लागताच तळाशी पळणारे सायप्रिनस त्या वेळी जागचे हलतसुद्धा नसत. प्राणवायूची मोटर मी तेव्हापासून रात्रभर चालू ठेवते.

शेवाळाला मुख्यतः दोन गोष्टी लागतात, खत आणि उजेड. खत तर या पाण्यात असणारच, त्यावरच भाजी वाढायची आहे. उरला उजेड. टाकीला बाहेरून आधी काळा रंग दिला आणि त्यावर पांढरा. काळा उजेड आत जाऊ देत नाही, पांढरा ऊन परतवतो. टाकीवर हवा खेळेल असं प्लायचं झाकण केलं. पंपाची पारदर्शक नळी आतून हिरवी होऊन चोंदत होती, ती काढून काळी जोडली. वाफ्यातली पाण्याची पातळी खडीच्या माथ्यापासून दोन इंच खाली ठेवली. वरची खडी कोरडी राहिली की तिच्यावर शेवाळ धरत नाही. पाणी एका रात्रीत निवळलं नाही. आधी दाट हिरवं, मग फिकट, मग चहासारखं, असं ते उतरत गेलं. टाकीच्या भिंतीवर जो मऊ थर उरला तो मी घासत नाही. रोहू त्यावर चरतात.

खडीत बारक्या गोगलगायी आल्या, बहुधा कोणाकडून तरी आणलेल्या पाणवनस्पतीच्या मुळांना चिकटून. शेवाळ खरवडायला त्या चांगल्या, पण फार वाढल्या की जिवाणूंचा थरही खातात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी ॲक्वापोनिक्सची तराफ्यांची पद्धत बसवली. तिथे गोगलगायींवरचा उपाय म्हणून शिंपले-गोगलगायी फोडून खाणारा रेड इअर सनफिश सोडत. आपल्याकडे त्यासाठी परका मासा आणायची गरज नाही. सायप्रिनसच्या घशात दाढा असतात. वाफ्यातून वेचलेल्या गोगलगायी टाकीत टाकल्या की तो कवचासकट दळून खातो.

मग किडी. थंडीत आभाळ आलं की मावा येतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. वांग्याच्या पानामागे तो दाट बसला होता आणि देठावरून मुंग्यांची रांग लागली होती. मुंग्यांना माव्याच्या अंगातून झरणारा गोड चिकटा हवा असतो, त्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. म्हणून मी आधी मुंग्यांकडे वळले. वाफ्यांच्या स्टँडचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवले, जसे सासूबाई दुधाच्या कपाटाचे ठेवायच्या. मग पानं उलटी धरून पाण्याच्या पिचकारीने मावा झाडला. टाकीत पडला तो माशांनी टिपला.

मुंग्या हटल्या आणि चार-सहा पानांवर ढालकिडे दिसू लागले. त्यांच्या अळ्या काळ्या, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके; ढालकिड्यासारख्या अजिबात दिसत नाहीत. कामाला येणाऱ्या ताई त्या चिरडणारच होत्या, मी हात धरला. भिंगातून पाहिलं तर माव्यातलेच काही फुगून तपकिरी झालेले, कागदासारखे कोरडे. एकाच्या पाठीला नेमकं गोल भोक. ॲफिडियस नावाची मुंगीहून बारीक गांधीलमाशी माव्याच्या पोटात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते आणि पुढची माशी त्या भोकातून बाहेर पडते. असं एक जरी कवच दिसलं तरी मी त्या झाडाला हात लावत नाही. मित्रकीटकांना पोहोचायला थोडा उशीर होतो, तेवढा मावा सोसावा लागतो. सगळा मावा आज मारला तर उद्या त्यांना खायला काय राहणार?

कोबीवरच्या अळीसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे आपलं बीटी. हे जिवाणू अळीच्या पोटात गेले तरच काम करतात, तिच्या आतड्यातल्या अल्कलीत त्यांचं विष मोकळं होतं; माशांना त्याचा उपद्रव नाही. उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून मी दिवस मावळताना मारते. कोबीच्या कडेने मोहरी लावली आहे, पतंग अंडी घालायला आधी तिच्यावर जातात. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, फुलकिड्यांना निळे.

एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. सेंद्रिय औषध माशांना निर्धोक असतं असं पुष्कळांना वाटतं, आणि ते खरं नाही. तंबाखूच्या काढ्यात निकोटीन असतं. शेवंतीच्या कुळातल्या फुलांचं पायरेथ्रम झाडावरच्या किडीला मारतं, तसंच माशांनाही फार घातक. रिठ्याचा फेस कल्ल्यांना घातक. आपल्या रानात गेळ्याची आणि हिंगणबेटाची फळं कुटून पाण्यात टाकून मासे धरण्याची जुनी रीत आहे. ही सगळी विषं झाडाझुडपांचीच. निंबोळी अर्कही मी वाफ्यावर फवारत नाही, साबण घातलेला तर मुळीच नाही. रोपं कुंडीत असतानाच, पाण्यापासून लांब, काय मारायचं ते मारते आणि मुळं धुऊन मगच वाफ्यात लावते.

खरी धास्ती बाहेरून येते. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्या सुरू होतात आणि ब्लोअरचा फवारा वाऱ्यावर दूर जातो. बागेच्या बाजूने मी शेडनेटचा दुहेरी पडदा लावला आहे. भाऊजी ट्रॅक्टर काढण्याआधी फोन करतात, मी झाकणं लावते, वाफ्यांवर प्लास्टिक ओढते. वारा घराकडे वाहत असेल तर ते वेळ बदलतात. बाग बिघडली तर वर्ष जातं, हे मला कळतं. तरी ते माझ्या माशांसाठी थांबतात.

यंदा त्यांच्या बागेत पिठ्या ढेकूण आला. एका संध्याकाळी ते वाफ्याशी येऊन भिंगातून ढालकिड्याच्या अळ्या बघत राहिले. मग विचारलं, "द्राक्षावरच्या ढेकणाला खाणारा असतो का यांच्यातला कुणी?" असतो. क्रिप्टोलिमस, आणि त्याची अळी ढेकणासारखीच पांढरी, मेणचट दिसते, म्हणून ओळखायला आधी शिकावं लागतं. भुंगेरे मागवायचं ठरलं आहे. ज्या ओळीत ते सोडायचे तिथलं कीटकनाशक थांबवायला भाऊजी तयार आहेत. त्याआधी खोडांवर चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त करायचा आहे, आणि द्राक्षाच्या खोडाला पाण्याची वाटी लावता येत नाही. खोडाभोवती चिकट पट्टी बांधून बघतो आहोत.