आमाचं देणं

कुमाऊंत असोज, म्हणजे आपला आश्विन, लागला की कोणी कोणाच्या अंगणात गप्पा मारायला बसत नाही. गवत कापायचं असतं. मुक्तेश्वरच्या बाजूला, सात हजार फुटांच्या आसपास आमचं घर आहे, आणि तिथली हिवाळ्याची तयारी या गवतापासून सुरू होते. ती मला जिनं शिकवली, तिला सगळं गाव आमा म्हणतं. आमा म्हणजे आजी. मी साताऱ्याची. या डोंगरात माझं रक्ताचं कोणी नाही. आमानं मला ब्वारी, म्हणजे सून, म्हणायला सुरुवात केली आणि सुनेकडून घ्यावीत तशी कामंही करून घेतली.

मधोमध खांब रोवून त्याभोवती गवत रचतात, त्याला लूटा म्हणतात. शेंडे बाहेरच्या बाजूला खाली झुकलेले ठेवायचे, म्हणजे पाऊस-बर्फ वरच्या वर निथळतो आणि आतलं गवत फाल्गुनापर्यंत कोरडं राहतं. उतार किती द्यायचा, हे आमा माझं मनगट धरून दाखवायची. त्याच दिवसांत पिकून पिवळ्या पडलेल्या जाड काकड्या किसून, वाटलेल्या उडदात कालवून, छपरावर बड्या वाळत पडायच्या. कोहळ्याचे सांडगे घातलेल्या माझ्या हातांना ते काम ओळखीचं वाटलं.

आमाचा खरा जीव मात्र झाडांत. सफरचंदाला थंडीची भूक असते. डेलिशससारख्या जुन्या वाणांना सात अंशांखालच्या थंडीचे हजारेक तास मिळाले नाहीत, तर वसंतात फुलोरा नीट धरत नाही. हे मी पुस्तकात वाचलं. आमाला तासांचा हिशेब ठाऊक नव्हता. पण बर्फ कमी झालाय आणि खालच्या अंगाच्या बागा रुसल्यात, हे ती कितीतरी आधीपासून सांगत होती. जी थंडी हवी, तिच्यापासूनच खोड जपावंही लागतं. दिवसा ऊन साल तापवतं, रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि साल तडकते. म्हणून खोडाला चुना लावायचा. मग पौषात छाटणी, बुंध्याभोवती आळं, आळ्यात शेणखत. खतासाठी बांजाचा, म्हणजे इथल्या ओकाचा, पाला जनावरांखाली अंथरायचा आणि शेणामुतानं भिजला की ढीग घालून कुजवायचा. चीडाच्या, म्हणजे पाइनच्या, सुया, ज्यांना इथं पिरूल म्हणतात, फुकट आणि हव्या तेवढ्या मिळतात, पण लवकर कुजत नाहीत. आमाचा कौल बांजाला होता. आता माझाही आहे. गावाचा झरा ज्या बांजाच्या रानाखाली वाहतो, तिथली एक ओली फांदी तोडलेली तिला खपत नसे.

लसणाच्या कुड्या, भट म्हणजे काळं सोयाबीन, गहत, सगळं बियाणं तिच्याकडून आलं. पैसे पुढे केले की ती हात पाठीमागे न्यायची. “ज्येष्ठात लसूण निघेल तेव्हा आण,” एवढंच बोलणं. गहत म्हणजे आपला कुळीथ. थंडीत त्याच्या डाळीनं अंग गरम राहतं, असं इथंही मानतात. माझ्या आजीच्या पद्धतीचं पिठलं मी एकदा आमाला करून वाढलं. तिनं ताट पुसून खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाली. तिच्या त्या सांगण्यानं मी या घरात रुजले, असं मला मनापासून वाटतं.

एका वर्षी माहेरून येताना तिच्यासाठी सोलापुरी चादर आणली. माघात रात्रभर बर्फ पडला आणि त्याच रात्री तिची गाय व्याली. सकाळी गेले तर चादर वासराच्या अंगावर आणि आमा चुलीपाशी, जुन्याच शालीत.

“ब्वारी, तुझ्या मुलखाची चादर गरम आहे हो,” ती म्हणाली. “पुढच्या खेपेला आणखी एक आण. माझ्यासाठी.”

तिनं माझ्याकडे स्वतःसाठी काही मागण्याची ती पहिलीच वेळ. मी त्याच दुपारी साताऱ्याला भावाला फोन लावला.