भिंतीचे पोट

‘घर पाहावे बांधून’ असे सांगून ठेवणाऱ्या पूर्वजांनी घराच्या डागडुजीविषयी मौन का पाळले असावे, याचे मला नेहमी नवल वाटते. नवे घर बांधताना निदान काय बांधावयाचे आहे, हे उभय पक्षांस ठाऊक असते. जुन्या भिंतीच्या पोटात काय दडले आहे, हे मात्र ना घरधन्यास ठाऊक, ना गवंड्यास. तरीही पहिल्या भेटीतच आपण खर्चाचा आकडा विचारतो आणि जो तो झटकन सांगेल, त्यालाच सचोटीचा समजतो.

औशातील आमच्या जुन्या माळवदाच्या घराची एक भिंत फुगली, तेव्हा दोन गवंडी येऊन गेले. पहिल्याने उंबऱ्यावरूनच नजर टाकली व उक्ती रक्कम सांगितली. दुसऱ्याने पहार मागितली. ‘‘मालक, भिंतीचं पोट बघितल्याबिगर आकडा कसा सांगावा?’’ असे म्हणून हातभर गिलावा उकलण्याची त्याने परवानगी विचारली. घरातील मंडळींचा कौल अर्थातच पहिल्याच्या बाजूने पडला. ज्याला स्वतःच्या कामाचा अंदाज नाही, त्याच्या हाती घर कसे द्यावे, असा त्यांचा सवाल होता. मला मात्र एकाच्या ज्ञानाहून दुसऱ्याचे अज्ञानच अधिक भरवशाचे वाटले आणि काम त्यालाच दिले.

भिंतीच्या पोटाचे महत्त्व औसा तालुक्यात कोणास समजावून सांगावे लागू नये. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गाडली गेली. त्या भिंती दोन फूट वा त्याहूनही रुंद. पाहणाऱ्यास अभेद्य भासाव्या अशा. परंतु आतला व बाहेरचा असे दगडांचे दोन पदर एकमेकांस बांधणारे आरपार दगड पुष्कळ ठिकाणी घातलेलेच नव्हते. धक्क्यासरशी पदर अलग झाले आणि वरचे जड माळवद खाली आले. पुढे ज्या घरांची दुरुस्ती शक्य होती, त्यांच्या भिंतींना आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरण्याची रीत सांगण्यात आली.

आरपार दगड लांब लागतो, तो घडवावा लागतो, बसविण्यास वेळ जातो. आणि गिलावा झाल्यावर तो कोणास दिसत नाही. तेव्हा घासाघीस करून आपण जे रुपये वाचवितो, ते कोठून वाचतात हे सांगावयास ज्योतिषी नको. दर्शनी चिऱ्यास कोणी हात लावीत नाही; काटछाट होते ती पोटातल्या दगडाची. अशा सौद्यात गवंडी एकटाच अपराधी नसतो.

रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागाच्या प्रारंभी इफेसस नगरीतील एक जुना कायदा सांगितला आहे. सार्वजनिक काम घेणाऱ्या वास्तुविशारदाने खर्चाचा अंदाज आधी द्यावयाचा आणि काम पुरे होईपर्यंत त्याची मालमत्ता तारण राहावयाची. खर्च अंदाजाहून चतुर्थांशापर्यंत वाढला, तर ती वाढ सरकारी तिजोरीतून मिळे. त्यापलीकडची त्याच्या मालमत्तेतून वसूल होई. या कायद्यातील तारणापेक्षा तो चतुर्थांशच मला अधिक शहाणपणाचा वाटतो. कामाची भिंत उघडल्यावर काही ना काही नवे निघणारच, हे त्यात आधीच मान्य केलेले आहे. त्यामुळे प्रामाणिक माणसास केवळ काम मिळविण्यासाठी खोटा आकडा सांगावा लागत नाही.

आपणही गवंड्यास तेवढी मोकळीक द्यावी आणि तिच्या बदल्यात एकच वचन मागावे : जे झाकले जाणार आहे, ते झाकण्यापूर्वी आम्हांस बोलावून दाखवावे. दर दोन रुपयांनी कमी करून घेण्यात आपण जेवढा वेळ घालवितो, तेवढ्यात भिंतीतील आरपार दगड सहज मोजून होतात.