वर दूध, खाली मासळी

म्हापशाच्या दुकानात फ्रीज ओळीने उभे होते. दुकानातला मुलगा वहिनीला एका दारावरचा पडदा दाखवत होता. बोट लावलं की आतलं तापमान उजळायचं. आई शेजारच्या फ्रीजसमोर वाकली होती. तिने तळाचा खण ओढला, त्यात कोपरापर्यंत हात घातला, वितीने लांबी मोजली आणि मान वर न करताच विचारलं, "हांगा दोन किलो इसवणाचे कुडके रावतले?" इथे दोन किलो सुरमईचे तुकडे राहतील?

मुलगा गोंधळला. लिटर विचारणारी, स्टार विचारणारी, हप्ते विचारणारी गिऱ्हाइकं त्याच्या सवयीची. कुडके विचारणारी आई त्याला नवीन असावी. मला मात्र तो प्रश्न ओळखीचा वाटला. आमच्या केरीच्या घरात कुठलीही साठवणीची वस्तू आली की पहिला प्रश्न हाच असायचा: यात काय राहील आणि किती दिवस राहील?

केरी म्हणजे पेडणे तालुक्यातलं, गोव्याच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव. तेरेखोल नदी इथे समुद्राला मिळते. पलीकडच्या टेकडीवर किल्ला, मध्ये फेरीबोट, अलीकडे सुरूची झाडं आणि आजोबाचं देऊळ. आमच्या घराच्या खिडक्यांना समुद्राचा वारा लागतो आणि त्याबरोबर मीठही येतं. लोखंडाची कडी दोन पावसाळ्यांत तांबडी होते. अशा हवेत अन्न राखायचं हे मोठं काम होतं, आणि आजीने ते विजेशिवाय निभावलं.

तिच्या रांदच्या कुडीत, म्हणजे स्वयंपाकघरात, कुठली वस्तू कुठे राहणार हे पक्कं ठरलेलं होतं. चुलीच्या बरोबर वर माळा. त्यावर सोलां म्हणजे आमसुलं, सुकी सुंगटां म्हणजे कोळंबी, खारे बांगडे, बियाणाच्या गाठोड्या. रोजचा धूर त्यांना लागायचा आणि पावसाळ्यातही त्यांना बुरशी धरत नसे, किडा लागत नसे. खोलीच्या मधोमध, आढ्याला, शिंकं. त्यात दूध, विरजण, लोणी. खिडकीतून आलेला वारा तिथे फिरायचा, मांजराची उडी आणि मुंग्यांची रांग तिथवर पोचायची नाही. उत्तरेच्या कोपऱ्यात ओल्या वाळूत बसवलेला रांजण. भिंतीला टेकून चिनी मातीच्या बरण्या: चेपणीचीं तोरां म्हणजे मिठात दाबलेल्या कैऱ्या, मिठात घातलेले फणसाचे गरे, लोणचं. मासळीची कामं मागच्या पडवीत. विळी तिथे, पाटा तिथे, धुणंही तिथेच. मासळी साफ केलेला हात शिंक्याला लागायचा नाही, आणि हे आम्हा मुलांना कुणी बसवून शिकवलं नव्हतं. ते त्या घराच्या रचनेतच होतं.

रांजणाबद्दल एक सांगितलं पाहिजे. माठातलं पाणी बाष्पीभवनाने गार होतं, आणि बाष्पीभवनाला कोरडी हवा लागते. घाटावरच्या उन्हाळ्यात माठ जसा गार होतो तसा आमचा रांजण कधीच झाला नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत मातीची थंडाई तोकडी पडते. म्हणून किनाऱ्यावरच्या बायकांनी गारव्यावर भिस्त ठेवलीच नाही. त्यांनी मीठ, ऊन, धूर आणि आंबट या चौघांना कामाला लावलं. मीठ जवळच, आगरवाड्याच्या मिठागरांत किंवा नदीपलीकडे शिरोड्याला. ऊन मार्च ते मे. आंबटाला सोलां. रात्री उरलेलं हुमण, म्हणजे मासळीची आमटी, मातीच्या बुडकुल्यात सकाळी पुन्हा आटवलं जायचं. सोलांच्या आंबटाने आणि दोनदा आलेल्या उकळीने ते टिकायचं, दाट व्हायचं, आणि पेजेबरोबर त्याची चव आदल्या रात्रीपेक्षा चढी लागायची. फ्रीजमधून काढलेल्या हुमणावर खोबऱ्याच्या तेलाची पांढरी साय धरते. ते गरम करूनही ती जुनी चव येत नाही, हे मी इतक्या वेळा करून पाहिलंय की आता खात्रीने लिहिते.

ताज्या मासळीला मात्र आजीकडे जागाच नव्हती. "नुस्तें रावना, तुवें रावूंक जाय," ती म्हणायची. मासळी थांबत नाही, तुला थांबावं लागतं. किनाऱ्यावर रापण ओढली जाई तेव्हा पाटी घेऊन उभं राहायचं, मिळेल ते आणायचं, दुपारच्या आत रांधायचं. जास्त मिळालं तर शेजारी वाटा जायचा. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडून आमच्याकडे यायचा.

भारतात बनलेला पहिला फ्रीज गोदरेजने 1958 साली आणला. आमच्या घरी फ्रीज यायला त्यानंतर 29 वर्षं लागली. गोवा घटक राज्य झालं ते 1987 साल, पावसाळा सरल्यावरची गोष्ट. बाबांनी म्हापशाहून 165 लिटरचा एका दाराचा फ्रीज घेतला. शिवोली-चोपडे पूल तेव्हा नव्हता. टेम्पो शापोरा नदीवर फेरीबोटीत चढला आणि बाबा सगळा वेळ फ्रीजला हात लावून उभे होते. दुकानदाराने बजावलं होतं की आडवा करायचा नाही, कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत शिरतं. घरी आल्यावरही चार तास तो नुसता उभा ठेवला. त्या चार तासांत वाड्यावरची निम्मी माणसं येऊन बघून गेली.

त्याची आतली मांडणी मला आजही डोळे मिटून सांगता येते. सर्वांत वर अ‍ॅल्युमिनियमची बर्फपेटी, तिला पांढरं प्लॅस्टिकचं झाकण. पेटीत दोन बर्फाचे ट्रे आणि त्यांच्या वर जेमतेम एक बांगड्याची पिशवी. पेटीखाली पाणी गळायला उथळ तबक. मग तीन जाळ्या, तळाशी भाजीचा डबा. दारात अंड्यांची भोकं, लोण्याचा कप्पा, बाटल्यांचा कठडा. दाराला कुलूपही होतं. सगळं एकाच दारात, एकाच हवेत. आजीने पहिल्याच दिवशी तो उघडून नीट पाहिला आणि विचारलं, मासळी वर आणि देवाचं दूध खाली, हे कसं?

तिचं म्हणणं तेव्हा आम्हाला सोवळ्याओवळ्याचं वाटलं. ते तेवढंच नव्हतं. वीज गेली की पेटीतला बर्फ सुटायचा, मासळीचं पाणी तबकात आणि तबक भरलं की खालच्या जाळीवर. पावसाळ्यात पेडण्यात वीज किती वेळा जायची ते तिथे राहिलेल्यांना माहीत आहे. कच्च्या मासळीचं पाणी तयार अन्नावर पडू नये, हे आज अन्नसुरक्षेच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असतं. आजीच्या घरात ते शिंक्याच्या उंचीत आणि पडवीच्या भिंतीत बसवलेलं होतं, आणि एका दाराच्या फ्रीजने ते एका दिवसात मोडलं. सोमवारी, श्रावणात, गणेशचवथीच्या दिवसांत घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण असायचं. चवथीच्या आदल्या दिवशी आई अख्खा फ्रीज रिकामा करायची. सोड्याच्या पाण्याने पुसायची, लिंबाच्या साली ठेवायची, दार उघडं टाकायची. एवढं करूनही नेवऱ्यांच्या डब्याला बांगड्याचा वास लागेल की काय ही धाकधूक तिला विसर्जनापर्यंत असे.

त्या बर्फपेटीवर आठ-दहा दिवसांत बोटभर बर्फ चढायचा. तापमानाच्या चकतीमधलं लाल बटण दाबायचं, खाली फडकी घालायची आणि वाट बघायची. एकदा वाट न बघता काकीने चिकटलेली पिशवी सुरीच्या टोकाने सोडवायला घेतली. बारीक फुस्स आवाज आला, गॅस गेला. नळ्या त्या पेटीच्या पत्र्यातूनच फिरवलेल्या असतात, सुरीच्या एका टोचण्याने भोक पडतं. काकी दोन दिवस जेवली नाही. बाबांनी तिला एक शब्द सुनावला नाही, म्हापशाहून माणूस आणून पेटी सांधून घेतली.

याच फ्रीजने बाबांची अकरा वर्षं सांभाळली, हेही लिहिलं पाहिजे. इन्सुलिनला 2 ते 8 अंश सेल्सिअस लागतं. ते गोठलं तर वाया जातं, म्हणून बर्फपेटीजवळ नको, आणि दार सारखं उघडमिट होतं म्हणून दारातही नको. मधल्या जाळीवर मागे एक स्टीलचा डबा असायचा, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. जुनं सगळं चांगलं होतं असं म्हणायला मी धजत नाही ते त्या डब्यामुळे.

आता दुकानातल्या निवडीकडे येते. तो जुना फ्रीज वापरातून गेला, त्यानंतरचा दोन दारांचा, वर फ्रीझर असलेलाही खाऱ्या हवेने खालून गंजला. यंदा दादाच्या मनात दोन पालखी दारांचा मोठा फ्रीज होता, एका बाजूला उभा फ्रीझर, दुसऱ्या बाजूला उभा फ्रीज. दिसायला देखणा. पण त्याची रुंदी जवळपास 90 सेंटिमीटर आणि आमच्या कुडीचं दार अडीच फुटांचं, म्हणजे 76 सेंटिमीटर. तो आत नेणं अवघड गेलं असतं. शिवाय त्यातला फ्रीझर उंच पण अरुंद. पिशव्या एकावर एक उभ्या रचाव्या लागतात, परात आडवी जात नाही. शहरातल्या घरी तयार पाकिटं ठेवायला तो सोयीचा असेल. मासळी ठेवणाऱ्या घराला आडवी, पसरट जागा लागते. इसवणाचे कुडके, सोललेली सुंगटां पातळ थरात पिशवीत पसरली की लवकर गोठतात. गोळा करून कोंबली तर मधला भाग सावकाश गोठतो, बर्फाचे मोठे खडे होतात आणि मांस भुसभुशीत पडतं.

वहिनीचा कल वर फ्रीझर असलेल्या नेहमीच्या फ्रीजकडे होता. स्वस्त, दुरुस्तीला सोपा. आईला तळाला फ्रीझर असलेला हवा होता. दुकानातल्या मुलाने त्याचं कारण सांगितलं: भाजी-दूध दिवसातून वीस वेळा लागतं, फ्रीझर दोन वेळा, म्हणून रोजचं डोळ्यांसमोर आणि क्वचितचं वाकून. हिशेब बरोबर आहे, पण आमच्याकडे तो जून-जुलैत उलटतो. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस गोव्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत फ्रीझरच जास्त उघडतो, आणि आईचे गुडघे दुखतात. वहिनीने तेच बोलून दाखवलं.

"वांकतलें हांव," आई म्हणाली. वाकेन मी. आणि मग तिने आजीचं वाक्य आजीच्याच शब्दांत म्हटलं: मासळी वर आणि देवाचं दूध खाली, हे कसं?

मग आम्ही त्या मुलाला खरा प्रश्न विचारला: खालची हवा वर जाते का? दंव न धरणाऱ्या पुष्कळशा फ्रीजमध्ये थंड करणारी जाळी एकच असते, फ्रीझरमध्ये. पंखा तिथलीच हवा एका झडपेतून वर ढकलतो. दारं दोन असली तरी हवा एकच, म्हणून दह्याला मासळीचा वास. काही फ्रीजमध्ये दोन्ही भागांना वेगवेगळी जाळी असते, हवा मिसळत नाही. मुलाने आत जाऊन माहितीपुस्तक आणलं, वाचलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की आईने हात घातलेल्या फ्रीजमध्ये हवा वेगळी आहे, वहिनीच्या फ्रीजमध्ये एकच. तिथे निकाल लागला. वहिनीनेच आधी मान हलवली, कारण चवथीची धाकधूक आता तिच्या वाट्याला आली आहे.

घरी फ्रीज भिंतीला खेटून ठेवायचा होता. दार नुसतं काटकोनात उघडून चालत नाही, त्याहून थोडं जास्त उघडलं तरच आतले खण पूर्ण बाहेर येतात. म्हणून बिजागरी भिंतीकडे येत होती तिथे वीतभर जागा सोडली. खाली लाकडी पाट, गंज लागू नये म्हणून. वीज गेली तर दार उघडायचं नाही, हे आईने नातवंडांना आताच बजावलंय. गच्च भरलेला फ्रीझर बंद राहिला तर सुमारे 48 तास गोठण धरतो, अर्धा भरलेला 24. म्हणून ती मे अखेरीसच तो गच्च भरते.

मी केरीला असताना एक गोष्ट लक्षात आली. आजीच्या सगळ्या भांड्यांची तोंडं आकाशाकडे होती. रांजण, बरणी, हंडी, शिंक्यातलं बुडकुलं. गार हवा जड असते, ती तळाशी बसते. झाकण काढलं तरी सांडत नाही. फ्रीजचं दार समोर उघडतं आणि गारवा पायांवर ओततो. आता नवा खालचा खण ओढला की त्याचं तोंड वर असतं. आई त्यात वाकून बघते तेव्हा मला रांजणात तांब्या बुडवणारी आजी दिसते, तीच पाठ, पदर तसाच खोचलेला.

वहिनी पिशव्यांवर काळ्या पेनाने तारीख लिहिते. 28 मे, सुंगटां. 29 मे, बांगडे. शेजारी जाणारा वाटा कमी झालाय, हे आईला खुपतं. खण भरताना ती एक पिशवी बाजूला काढते आणि नातीच्या हातात देऊन पलीकडच्या घरी पाठवते.

1987 चा फ्रीज अजून आहे. बाबांनी तो भंगारात घालू दिला नव्हता. त्याचं कुलूप आणि कडी काढून टाकली आहे, खेळता खेळता एखादं पोर आत अडकू नये म्हणून. मागच्या पडवीत तो विजेशिवाय उभा आहे. दाराचं रबर अजून घट्ट बसतं, पावसाची ओल आत शिरत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं सगळं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, आई त्यात ठेवते. बर्फपेटीत सोलां. पहिल्या जाळीवर हरमलची मिरची. मधल्या जाळीवर, जिथे बाबांचा स्टीलचा डबा असायचा, तिथे कुळीथ. आणि तळाच्या डब्यात, झाकण लावून, खारे बांगडे.