अश्वत्थाम्याची जखम

बऱ्हाणपूरहून खंडव्याच्या रस्त्याने निघाले की वीसेक किलोमीटरवर असीरगड लागतो. या गडाच्या दोन कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. पहिली इतिहासातली. अकबराचा वेढा पडूनही गड दाद देईना. अखेर १६०१च्या जानेवारीत दरवाजे उघडले ते सोन्याच्या किल्लीने, असे सांगतात. दुसरी श्रद्धेतली. वडिलांच्या वधाचा सूड म्हणून द्रौपदीच्या झोपलेल्या पाच मुलांना मारणारा अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन आजही पहाटे गडावरच्या महादेवाला फूल वाहतो, आणि वाटेत भेटेल त्याच्याकडे जखमेसाठी तेल मागतो. एका गडावर लोभ आणि सूड असे शेजारी नांदतात.

काही वर्षांपूर्वी पुण्यात मुलाकडे ‘बदलापूर’ हा चित्रपट पाहिला, तेव्हा या दोन्ही कथांची आठवण झाली. श्रीराम राघवन यांचा हा २०१५चा चित्रपट. पुण्यात बँक लुटून पळताना दोन चोर एका बाईची मोटार पळवतात. त्यात ती बाई आणि तिचा लहान मुलगा जिवाला मुकतात. पकडला गेलेला लायक वीस वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात जातो, पण लुटीतला साथीदार कोण हे सांगत नाही. मृत स्त्रीचा पती रघू बदलापुरात एकाकी राहून पंधरा वर्षे सूडाची वाट पाहतो.

सुरुवातीला आपली सगळी सहानुभूती रघूकडे असते. परंतु तो साथीदाराला गाठतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या निरपराध पत्नीलाही ठार करतो. ज्या दुःखाने तो पेटला, तेच दुःख तो स्वतः निर्माण करतो. याउलट, आयुष्यभर पैशासाठी खोटे बोललेला लायक कर्करोगाने मरणपंथाला लागलेला असताना हे खून स्वतःवर घेतो. चित्रपट संपतो तेव्हा चोराजवळ थोडी माणुसकी उरलेली दिसते. सज्जनाजवळ काहीच उरलेले नसते.

मला वाटते, लोभी माणसाला आपण लोभी आहोत हे मनातून ठाऊक असते. म्हणून तो हात टेबलाखालून पुढे करतो. सूड मात्र न्यायाचे वस्त्र पांघरून येतो, आणि माणूस ताठ मानेने पाप करतो.

हे मी पुस्तकी ज्ञानाने लिहीत नाही. नोकरीच्या आरंभी एका वरिष्ठांनी माझ्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा लिहिला. तो अन्यायाचा होता, असे मला आजही वाटते. त्यापायी माझी पदोन्नती तीन वर्षे लांबली. पुढे योगायोगाने त्यांच्याच निवृत्तिवेतनाचे प्रकरण माझ्या टेबलावर आले. प्रकरणात काही खोट नव्हती. मी त्यावर ‘चर्चा करें’ असा शेरा मारला आणि फाईल बावीस दिवस कपाटात ठेवली. उभ्या नोकरीत कोणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही, याचा मला अभिमान होता. आणि त्याच अभिमानाच्या आडोशाला बसून मी एका म्हाताऱ्याच्या घरची चूल रोखून धरली होती. नियमाचा भंग कुठेही नव्हता. त्या घरातील मंडळींनी माझे काय बिघडवले होते, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

तेविसाव्या दिवशी त्यांच्या पत्नी कार्यालयात आल्या. मी त्यांना कधी पाहिलेही नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत. बाकावर बसून राहिल्या. दुपारी मी सही केली. आठवड्याने स्वतः ते गृहस्थ आले आणि हात जोडून म्हणाले, “साहेब, तुमच्यामुळे काम झालं.” मी त्यांना खुर्चीसुद्धा दिली नाही, कारण ती देताना त्यांच्या डोळ्यांकडे पाहावे लागले असते. आज ते हयात नाहीत. क्षमा मागायची राहून गेली.

चित्रपट संपल्यावर मुलाने विचारले, “बाबा, कसा वाटला?” मी म्हणालो, “चांगला आहे, पण पुन्हा पाहवणार नाही.” त्याने कारण विचारले नाही.

हल्ली खंडव्याला जाताना गड दिसला की नकळत हात जोडले जातात. अश्वत्थामा तेल का मागत असावा, हे लहानपणी कळत नव्हते. जखम दुसऱ्याने केलेली असली, तरी ती भळभळत ठेवण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागत असणार.