आमच्या दुकानाची पायरी

अम्मीने बाजारात पायी जाणे बंद केले, त्याला आता दोन वर्षे होतील. तिचे गुडघे चांगले आहेत. घरात ती दिवसभर उभीच असते. पण एका संध्याकाळी तीन बत्तीहून भाजी घेऊन येताना फूटपाथवर मांडलेल्या मालाला वळसा घालायला ती रस्त्यावर उतरली. मागून रिक्षाचा धक्का लागला. मनगट मोडले. दीड महिन्याने प्लॅस्टर निघाले, भीती मात्र निघाली नाही. खालाचे घर दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, पण आता तिथे जायलाही तिला कुणीतरी सोबत लागते.

भिवंडी म्हटले की बाहेरच्यांना ट्रक, गोदामे आणि खड्डे आठवतात. खरे तर हे शहर पायी चालणाऱ्यांचे आहे. बारा तासांची पाळी संपली की यंत्रमाग कामगार कारखान्यातून खोलीवर आणि खोलीवरून बिसीत, म्हणजे महिन्याच्या हिशेबाने जेवण देणाऱ्या खानावळीत, पायीच जातो. सुताची पोती आणि बीम अजूनही हातगाडीवर दिसतात. आमचे अब्बा आयुष्यभर सायकलने कामावर गेले. 2011 च्या जनगणनेतच इथली लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. तेव्हापासून वाहनांसाठी उड्डाणपूल आले, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब उभे राहिले. पुलाखालून रस्ता ओलांडणारा माणूस मात्र अजून हात वर करूनच गाड्या थांबवतो.

म्हणून ‘पादचाऱ्यांसाठी रस्ते’ ही मोठ्या शहरांची हौस आहे, असे कुणी म्हटले की मला पटत नाही. पुणे महापालिकेने 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. त्या दिवशी मी योगायोगाने पुण्यात होतो. भर बाजारात म्हातारी माणसे रस्त्याच्या मधोमध निवांत चालत होती. मुलाचा हात न धरता आई दुकानाची काच बघत होती. एका दिवसाने शहर बदलत नाही, हे खरे. पण बाजारपेठेचा रस्ता म्हणजे केवळ गाड्या जाण्याची वाट नव्हे, एवढे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

अम्मी पडल्यावर मी नियम शोधले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या सूचनांप्रमाणे फूटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, मोकळी रुंदी हवी. मग टेप घेऊन आमच्याच दुकानापुढे गेलो. गटारावर टाकलेली पायरी आणि तिच्यापुढचा कपड्यांचा स्टँड मिळून आम्ही साडेचार फूट खाल्ले होते. म्हणजे अम्मी दुसऱ्याच्या दुकानापुढे पडली हा निव्वळ योगायोग. आमच्या दुकानापुढे कुणाची तरी अम्मी रोज रस्त्यावर उतरतच होती.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हाही ईमानाचा भाग आहे, असे हदीस सांगते. लहानपणी हे शिकलो तेव्हा डोळ्यांपुढे काटा आणि दगड होता. स्वतःच्या दुकानाची पायरी कधी आली नव्हती.

भाईजान चिडले. “सगळे मांडतात. आपण मागे सरलो तर गिऱ्हाईक शेजारी जाईल. आणि हातगाडीवाल्यांना कोण बोलणार?” त्यांचे सगळेच चूक नव्हते. पण हातगाडीवाल्याचे पोट त्या जागेवर आहे, आपल्याकडे आत दुकान आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात फेरीवाल्यांची पाहणी करून त्यांना प्रमाणपत्र आणि विक्रीची जागा देण्याची तरतूद आहे. त्यांना हाकलून फूटपाथ मोकळा करणे म्हणजे एका गरिबाची वाट दुसऱ्या गरिबाच्या पोटावरून काढणे.

आठवडाभराच्या वादानंतर पायरी तोडली, स्टँड आत घेतला. दोन दिवस जागा मोकळी राहिली. तिसऱ्या दिवशी तिथे तीन मोटरसायकली उभ्या होत्या!

तेव्हा कळले की एकट्याची नियत पुरेशी नाही. फूटपाथ सलग हवा, त्यावर गाडी चढू नये म्हणून कडेला खुंट हवेत, माल उतरवणाऱ्या टेम्पोला वेळ ठरवून हवी, सायकल आणि हातगाडीला आपली जागा हवी. हे सगळे आराखड्यात यावे लागते, आणि त्यासाठी मोहल्ल्यातल्या लोकांनी मागणी करावी लागते. आपण नगरसेवकाकडे नळ मागतो, गटार मागतो. चालायला जागा कधी मागितली?

परवा अम्मीला म्हटले, “चला, खालाकडे पायी जाऊ.” ती दारापर्यंत आली, रस्त्याकडे बघितले आणि म्हणाली, “बेटा, आपल्या दुकानापर्यंत ठीक आहे. पुढे काय?”

आम्ही रिक्षाच केली. पण पुढच्या आठ दुकानदारांशी बोलायला मी सुरुवात केली आहे. दोघे तयार आहेत.