काकांचे घड्याळ

माझे काका उज्जैनला भैरवगढात मास्तर होते. शाळेची घंटा त्यांच्या फेवर-ल्यूबाबरहुकूम होई. मेणा-रंगात हात बुडालेले बाटिकचे कारागीरही त्यांनाच वेळ विचारीत. "नुसतं स्टीलचं!" असे काकू म्हणत. पण ल लोक्ल गावच्या, १७३७ पासूनच्या त्या स्विस घराण्याचा काकांना कोण अभिमान! १९६२ साली उंची सांगणारे मनगटी घड्याळ त्यांनीच काढले, हे ते शंभरदा सांगत.

तबकडी पिवळी पडली होती. निवृत्तीच्या दिवशी मी ती गुपचूप नवी रंगवून आणली. (संग्राहक मूळ तबकडीलाच मोल देतात, हे मागाहून कळले.) काकांनी घड्याळ कानाशी धरले. "चालतंय," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र ते चावी द्यायला विसरले.