मापट्याची शीग

मापनाचा धडा आला की पहिल्या तासाला मी मीटरपट्टी काढतच नाही. माझी आई देशावरची. तिच्या माहेरून आलेलं एक पितळी मापटं माझ्याकडे आहे. ते, दोन-तीन किलो तूर आणि प्रयोगशाळेतला इलेक्ट्रॉनिक काटा, एवढ्यावर तास निघतो. एकेकाने पुढे यायचं, मापटं भरायचं, काट्यावरच्या ताटात ओतायचं आणि आलेला आकडा फळ्यावर लिहायचा. गेल्या वर्षी पहिले चार आकडे असे आले: ४१२, ४३८, ३९७, ४५१ ग्रॅम. लगेच भांडण. ‘मॅडम, त्यानं शीग लावली!’ ‘आणि तू ठोकून ठोकून भरलं ते?’

मला हे भांडणच हवं असतं. शीग म्हणजे मापाच्या काठावर राहणारा धान्याचा ढीग. आपली उत्कंठा जिला पोहोचते ती हीच शीग, हे मुलांना भाषेच्या तासाला कळायला हवं होतं, ते विज्ञानाच्या तासाला कळतं. घेणाऱ्याला शीग हवी असते, देणाऱ्याला काठावरून हात फिरवून ती मोडायची असते. खळ्यावर पहिलं माप ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून मोजत. लाभ कुणाचा, ते शिगेवर ठरायचं. मग त्याच मापट्याने ज्वारी, सोयाबीन आणि शेवटी मुरमुरे. मुरमुऱ्यांचा आकडा बघून वर्ग हसतो आणि घनतेचा धडा मी न शिकवताच सुरू होतो. मापी शेर वेगळा आणि वजनी शेर वेगळा, हे आजीला ठाऊक होतं. आठवीच्या पोराला मात्र लिटर आणि किलो ही एकाच वस्तूची दोन नावं वाटतात, कारण घरात मोजून येतं ते दूध आणि पाणी.

दशमान पद्धत आपल्याकडे आली ती कशी, हे मी वडिलांकडून ऐकलं. त्यांचं किराणा दुकान होतं. आधी पैसा बदलला: १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे. चार आण्यांचे पंचवीस झाले, त्यात तंटा नव्हता. पण एका आण्याचे सव्वासहा. आण्याची काडेपेटी सहा पैशांना द्यायची की सात, यावर ओट्यावर रोज वाद. मग १९५६च्या कायद्याप्रमाणे ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने वजनं बदलली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून ६७ ग्रॅमने मोठा. शेराच्या भावात किलो दिला तर दुकान बुडतं, आणि किलोचा भाव त्या बेताने चढवला तर गिऱ्हाईक म्हणतं, सरकारचं नाव सांगून लुटतो. ‘नवीन वजन जड आहे’ हे पटवता पटवता वडिलांचा घसा बसे. त्यांची षट्‌कोनी लोखंडी वजनं अजून घरात आहेत. एकेका वजनात शिशाने बुजवलेलं भोक आहे आणि शिशावर निरीक्षकाचा ठसा. मुलांना ते शिसं फार आवडतं. वजनाचंही वजन कुणीतरी करतं, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलेलं असतं.

त्या वजनाचं वजन कशावर, आणि त्याचं कशावर, असं विचारत मुलं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या ५७ क्रमांकाच्या प्लॅटिनम-इरिडियमच्या किलोपर्यंत पोहोचतात आणि तिथून पॅरिसजवळच्या मूळ किलोपर्यंत. २० मे २०१९ पासून तो तुकडाही निवृत्त झाला, किलो आता प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो. हे मी सांगते, पण आठवीत ते कुणाला पोहोचत नाही आणि पोहोचायची घाईही नाही.

‘किलो, हेक्टो, डेका’ची शिडी मुलं दोन दिवसांत पाठ करतात. अडतं ते दशांश चिन्हापाशी. १.२५ मीटर आणि १.३ मीटर, मोठं कोणतं? निम्मा वर्ग १.२५ म्हणतो, कारण पंचवीस तिनाहून मोठे. चूक त्यांची नाही. ते चिन्ह आपण त्यांच्यापुढे किती वेषांत नाचवतो, बघा. सव्वा रुपया म्हणजे एक रुपया पंचवीस पैसे, तिथे टिंबाच्या पुढचा आकडा सुटा मोजायचा. क्रिकेटमध्ये १९.४ षटकं म्हणजे एकोणीस षटकं आणि चार चेंडू, आणि १९.६ कधी येतच नाही. घरच्या सातबाऱ्यावर तर दोन टिंबं: ०.८१.००, म्हणजे शून्य हेक्टर, एक्क्याऐंशी आर, शून्य चौरस मीटर. बाप मात्र त्याला दोन एकर म्हणतो. पोराने टिंबाचा अर्थ नक्की कुठून शिकावा?

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे गेले त्याचं मला रडू येत नाही. घोकंपट्टी कशी होती ते वडिलांनी सांगितलं आहे. पण पाव, पाऊण, सव्वा, अडीच हे शब्द मी वर्गात मुद्दाम वापरते. ‘सव्वा मीटर’ आणि ‘एक मीटर आणि एक मीटरचे तीन दशांश’ असं बोलायला लावलं की कोणतं मोठं ते विचारावं लागत नाही.

आता पट्टी. पट्टीचं टोक घासलेलं असतं, म्हणून शून्यापासून नाही, एकापासून मोजायचं आणि शेवटी एक वजा करायचा. मोजपात्रातल्या पाण्याची पातळी खोलगट दिसते. डोळा त्या खळग्याच्या तळाशी सरळ रेषेत आणायचा. वाकायला लाजतात ती मुलं दोन-तीन मिलिलिटर चुकतात. हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते हे, की दोन रेषांच्या मधे द्रव थांबला तर पोर घाबरतं. त्याला वाटतं, काहीतरी बिघडलं. खरं उत्तर रेषेवरच असणार, अशी त्याची पक्की समजूत आपणच करून दिलेली असते.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण ती समजूत मीही करून दिली आहे. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी नववीच्या एका मुलाने व्हर्निअर कॅलिपरने लाकडी दंडगोलाचा व्यास तीन जागी मोजला: २.४३, २.४१, २.४६ सेंटिमीटर. इतरांच्या वह्यांत तिन्ही वाचनं २.४३. मी त्याला म्हटलं, ‘नीट मोज, एकसारखी यायला हवीत.’ त्याने खोडरबर काढला आणि एकसारखी केली. मीही सही केली. बऱ्याच वर्षांनी कपाट आवरताना तोच दंडगोल हाती लागला. सहज मोजला. तो गोल नव्हताच; वापरून आणि ओल लागून चपटा झाला होता. वर्गात त्या दिवशी मोजलं होतं फक्त त्या मुलाने. बाकीच्यांनी शेजारच्याच्या वहीत बघितलं होतं आणि मी त्यांना शाबासकी दिली होती.

तेव्हापासून पिएर मेशँची गोष्ट मला नुसती इतिहासाची वाटत नाही. मीटर म्हणजे उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग, असं फ्रेंचांनी १७९१ मध्ये ठरवलं. मग डंकर्क ते बार्सेलोना मोजायला दोघे निघाले, उत्तरेकडून दलांब्र आणि दक्षिणेकडून मेशँ. मेशँने बार्सेलोनात दोन जवळजवळच्या ठिकाणांहून ताऱ्यांवरून अक्षांश काढले. ते एकमेकांशी जुळेनात. फरक तीन-एक सेकंदांचा, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्याने तो लपवला. त्याचा घोर त्याला शेवटपर्यंत खात राहिला. पुन्हा मोजून निस्तरावं म्हणून तो स्पेनला गेला आणि १८०४ मध्ये तिथेच तापाने वारला. मग वह्या दलांब्रच्या हाती आल्या आणि प्रकार उघड झाला. गंमत अशी, की १७९९ मध्ये ठरलेला मीटर सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाला, पण त्याचं मुख्य कारण मेशँची वही नाहीच. पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे, तो आकडाच चुकीचा धरला होता. माझ्या दंडगोलासारखंच.

आमच्या मुलांना याहून जवळचा माणूस आहे विल्यम लॅम्बटन. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया त्याने १८०२ मध्ये मद्रासेत घातला, आणि मोजत मोजत उत्तरेला सरकताना जानेवारी १८२३ मध्ये तो आमच्याच हिंगणघाटला वारला. कबर गावातच आहे. दर वर्षी एक वर्ग तिथे नेते. तिथे मी भाषण करत नाही, गणित घालते. त्याची पोलादी साखळी शंभर फुटांची. मद्रासची पायारेषा सुमारे साडेसात मैलांची, म्हणजे साखळी चारशेच्या आसपास वेळा मांडायची. एक अंश सेल्सिअसने पोलाद तापलं, तर शंभर फुटांत किती वाढेल? मुलं तिथेच बसून काढतात: मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाहून थोडं जास्त. आणि चारशे वेळा? जवळपास पंधरा सेंटिमीटर. म्हणून तो साखळीला तंबूची सावली करी आणि शेजारी तापमापक ठेवी. फुटांत मोजणारा माणूस होता हा, दशमानाशी त्याचा संबंध नाही. एकदा एका मुलाने विचारलं, ‘मग मीटर कशाला हवा, मॅडम?’ प्रश्न चोख होता. नीट मोजायला मीटर लागत नाही, हिशेब सोपा व्हायला आणि दुसऱ्या गावाला तोच आकडा कळायला लागतो, एवढंच मी म्हणू शकले.

हिशेब सोपा झाला म्हणावं, तर आमच्या कापसाकडे बघा. शेतकरी विकतो क्विंटलने. जिनिंगमधून गाठ निघते ती १७० किलोंची. आणि रुईचा भाव बोलला जातो खंडीला. खंडी म्हणजे ३५६ किलो, पौंडांच्या जमान्यातला उरलेला आकडा. शेजारच्या रेतीच्या ट्रॅक्टरमध्ये ब्रास, सुताराकडे सूत आणि इंच. पोरं ही सगळी मापं खिशात घेऊन वर्गात येतात. फळ्यावर ती पुसायला लावण्यात मला अर्थ वाटत नाही. एकातून दुसऱ्यात नेण्याचा गुणाकार त्यांच्याकडून करून घेतला की झालं.

दिवाळीच्या आधी वेचणी सुरू झाली की शेवटचा प्रयोग कापसाचा. प्रत्येकाने घरून एक बोंड आणायचं. सरकीवरचा कापूस बोटांनी दोन्ही बाजूंना विंचरायचा, तंतू सरळ झाले की काळ्या कागदावर ठेवून पट्टीने लांबी मोजायची. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव साडेएकोणतीस ते साडेतीस मिलिमीटरच्या धाग्यासाठी ठरतो, मध्यम धाग्याचा त्याहून कमी. चार-पाच मिलिमीटरला पैसे आहेत म्हटल्यावर सगळे श्वास रोखून मोजतात. गेल्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं: ‘२८ ते ३०. टोकाला तंतू विरळ होतात, कुठं संपले ते नक्की दिसत नाही.’ शेजारणीने ‘२९.५’ लिहिलं होतं. मी त्या मुलीकडून भिंग मागवलं आणि आम्ही दोघी पुन्हा बघायला लागलो.